बर्फावरचे बिऱ्हाड



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला गाठून एकच प्रश्न केला. "काय हो, तुम्ही म्हणे अमेरिकेत गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकून बसला होता?" बातमी आमच्या मातोश्रींनी फोडलेली दिसते. बातमी खरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या धाकट्या भावाला दुसरे अपत्य, मुलगी झाली. तो मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस शहराजवळ राहतो. बाळंतिणीचे करायला आई निघाली आणि तिला सोबत म्हणून अर्जित रजा टाकून आम्ही गेलो. उंच इमारतींची आणि मोठ्या दुकानांची वर्णने मराठीत भरपूर छापून झाली आहेत, त्यात भर घालत नाही. त्या तंबूविषयी मात्र लिहिणे भाग आहे.

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठतात आणि लोक त्यांच्यावर चालत जातात, मोटारी नेतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात. खाली पाणी वाहते राहते ते कसे, हे आम्ही शाळेत शिकून विसरलो होतो. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वात जड असते, ते तळाशी बसते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. म्हणून वर बर्फाची लादी आणि खाली जिवंत मासे. प्रश्न उरतो तो वर बसणाऱ्या माणसाचा. उणे पंधरा-वीस अंशांत, वाऱ्यात, उघड्यावर तासभरही बसवत नाही. त्यासाठी हे बर्फावरचे बिऱ्हाड.

त्यातही आपल्याकडच्यासारखेच थर आहेत. काही लोकांची चाकांवरची पक्की घरे असतात. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, टीव्ही. किंमत लाखो रुपयांच्या हिशेबात. मधल्या परिस्थितीतील माणूस घडीचा तंबू घेतो. हा प्रकार लोकप्रिय केला तो त्याच राज्यातील डेव्ह गेन्झ यांनी, १९८० च्या सुमारास. घसरगाडीवर बसवलेला, डोक्यावरून छत्रीसारखा ओढून घ्यायचा तंबू त्यांनी घरीच तयार केला, आणि त्याचे कापड शिवले ते त्यांच्या पत्नी पॅट्सी यांनी. शोधाखाली नाव नवऱ्याचे येते, टाके बायकोचे असतात. असो.

त्यांच्याही फार आधी त्या भागातील मूळ रहिवासी ओजिब्वे लोक बर्फावर पालथे पडून, डोक्यावर घोंगडी घेऊन भोकातून पाण्यात पाहत. अंधार केला की पाण्यातले स्पष्ट दिसते. लाकडाचा कोरलेला खोटा मासा दोरीने आत हलवायचा, खरा जवळ आला की भाल्याने टिपायचा. त्यांना ते पोटासाठी होते. आज जो खेळ म्हणून चालतो त्याचे मूळ त्या घोंगडीखाली आहे.

भावाचा तंबू चार माणसांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये साडेतीनशे डॉलरला घेतलेला, म्हणजे आपले तीस हजारांच्या घरात. त्यावर गॅसची छोटी शेगडी, हाताने फिरवायचे मोठे गिरमिट, घसरगाडी, बूट. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे प्रथम विचारले, वापर किती दिवस? भाऊ हसला. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात इतका उबदार गेला की बर्फ धड धरलाच नाही. तंबू वर्षभर पिशवीत. घसारा मात्र चालू. "दादा, तुम्ही आलात म्हणून तरी बाहेर निघतोय," तो म्हणाला.

आता रचना सांगतो. चार भिंती आणि एक छप्पर, अशी पाच अंगे. प्रत्येक अंगाच्या मध्यभागी एक जोड, त्याला तिथे 'हब' म्हणतात, आणि त्यातून चार कोपऱ्यांकडे गेलेल्या लवचिक काठ्या. बाहेरून पट्टा धरून हब ओढला की सगळी भिंत खटकन बाहेर फुगते. कापड तीन पदरी असते. बाहेर जाड वारारोधक कापड, मध्ये पोकळ तंतूंचे भरण, आत अस्तर, आणि तिन्हींवर चौकोनी शिलाई. थोडक्यात, वाकळ. आमच्या आजीने जुनेर एकावर एक रचून जे केले तेच. ऊब कापडात नसते, दोन थरांत कोंडलेल्या हवेत असते. एकेरी कापडाच्या तंबूत आतली वाफ भिंतीला धरून गोठते आणि शेगडी पेटली की डोक्यावर ठिबकते. वाकळीच्या तंबूत ते पुष्कळ कमी होते आणि गॅसही कमी लागतो. या तंबूला तळ नसतो. खाली सभोवार कापडाची झालर असते, तिच्यावर बर्फाचा भुगा लोटून फट बुजवायची.

जागा होती मिल लॅक्स तळे, शहरापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. एका शनिवारी भाऊ, नऊ वर्षांचा पुतण्या आणि आम्ही निघालो. काठावर पोचल्यावर आमचे पाय उचलेनात. भावाने लोखंडी पहार काढली. चालायचे तर पहार समोर आपटत चालायचे. आवाज बदलला, पहार आत गेली की मागे फिरायचे. स्वच्छ, निळसर बर्फ निदान चार इंच असेल तरच त्यावर माणसाने पाय ठेवावा असे तिथले निसर्ग खाते सांगते. पांढरा, हवा मिसळलेला बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. त्यातूनही संपूर्ण सुरक्षित बर्फ म्हणून काही नसतोच, असेही तेच खाते बजावते. त्याच राज्यातील अप्पर रेड तळ्यावर २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि सुमारे दोनशे माणसे त्यावर अडकली. पुन्हा २९ डिसेंबर २०२३ रोजी तेच, शंभराहून अधिक माणसे. दोन्ही वेळा माणसे वाचवली गेली. आमच्या पायाखाली त्या दिवशी फुटाहून जास्त बर्फ होता, ही गिरमिटाने मोजलेली गोष्ट.

आधी भोके, मग घर, हा क्रम. चार भोके पाडली, खोली पाहिली, आणि तंबू त्यांच्यावर आणायचा ठरला. इथे भावाची चूक झाली. तंबू पसरून त्याने थेट छप्पर आणि दोन भिंती फुगवल्या. खुंटा एकही ठोकलेला नव्हता. वारा आत शिरला आणि साडेतीनशे डॉलरचे बिऱ्हाड गडगडत तळ्यावरून निघाले. पुतण्या पुढे, भाऊ मागे, आम्ही सर्वांत शेवटी. दीड-दोनशे फुटांवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या तंबूतून बाहेर येऊन अंग टाकून तो अडवला. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. परत येऊन त्यांनीच दाखवले. वारा कोणत्या अंगाने येतो ते पाहायचे. त्या अंगाचा कोपऱ्याचा खुंटा आधी बर्फात फिरवायचा. हे खुंटे ठोकायचे नसतात, त्यांना स्क्रूसारखे आटे असतात. मग त्याच बाजूची भिंत फुगवायची, नंतर बाकीचे. चारी कोपरे बांधून झाले की हबपासून बाहेर तणावे ओढायचे. शेवटी झालरीवर कोरडा भुगा, ओला नव्हे. ओला गोठला तर निघताना झालर फाटते. दार वाऱ्याच्या उलट अंगाला ठेवायचे. वीस मिनिटांत घर उभे राहिले. गृहस्थ आपल्या जागी गेले.

आत शिरून चेन लावली आणि शेगडी पेटवली, तेव्हा बाहेरच्या वाऱ्याचा आवाज जणू कोणीतरी हाताने दाबला. दहा मिनिटांत हातमोजे निघाले, अर्ध्या तासात कोट. भोकांतून हिरवट उजेड वर येत होता. भावाने गळ सोडले. मिनेसोटात बर्फातून माणशी दोन गळ टाकता येतात आणि परवाना काढावा लागतो. तंबूजवळ आपण बसलेलो असू तोवर अशा घडीच्या तंबूला वेगळा परवाना नाही. तो तसाच सोडून जायचे तर लागतो. आम्ही परवाना काढला नाही, कारण गळ टाकणार नव्हतो. आम्ही काही मोठे शीलवान आहोत असा दावा नाही. सुकट-बोंबलावर वाढलेला देह आहे. पण पोटासाठी मारणे आणि वेळ जावा म्हणून मारणे यांत फरक आहे, आणि तो फरक बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेविषयी लिहिताना नीट उलगडून ठेवला आहे. भावाला तसे म्हटले. तो म्हणाला, "दादा, जेवढे खाणार तेवढेच नेतो." त्या दिवशी तीन पर्च मिळाले, संध्याकाळी त्यांचे कालवण झाले, आम्हीही खाल्ले. वाद तिथेच राहिला आहे.

पुतण्याने मध्येच विचारले, "काका, हे तळे कोणाचे?" नऊ वर्षांच्या मुलाला सोपे उत्तर दिले असते तर चालले असते. पण प्रश्न पाण्याचा होता.

या तळ्याच्या काठी ओजिब्वे लोक राहत. १८३७ च्या करारात त्यांनी अमेरिकन सरकारला जमीन दिली, पण तिथे शिकार, मासेमारी आणि रानातले धान्य-फळे गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क कागदावरच राहिला. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात १९८० च्या दशकात न्यायालयाने तसाच हक्क मान्य केला, तेव्हा भाल्याने मासे धरायला आलेल्या ओजिब्वेंवर काठावरून शिव्यांचा आणि दगडांचा वर्षाव झाला. मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी १९९० मध्ये मिनेसोटा राज्यावर दावा लावला. निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २४ मार्च १९९९ रोजी लागला, पाच विरुद्ध चार मतांनी, त्यांच्या बाजूने.

मार्च महिना आणि तळे म्हटल्यावर आमच्या वाचकांना काय आठवले असेल ते सांगायला नको. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. त्याआधीच, १९२४ मध्ये, महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी दगड-काठ्या झाल्या, तळ्याची 'शुद्धी' झाली, दावा लागला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. तिकडे नऊ वर्षे, इकडे दहा. ठराव असो की करार, पाण्यापर्यंत हात पोचायला कोर्टाची पायरी चढावी लागली ती दोघांनाही. आमच्या आजोबांना गावात वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यावे लागे. त्यांचा पणतू तळ्याच्या मधोमध, पाण्यात काठी बुडवून बसला होता. त्याला हे सगळे समजले असे नाही. "मग ते त्यांचे पण आणि आपले पण?" एवढे त्याने विचारले. आम्ही हो म्हणालो.

तासाभराने पुतण्या गप्प झाला. आम्हाला वाटले, कंटाळला. मग म्हणाला, डोके दुखते. आमचेही कपाळ ठणकत होते. चष्म्याचा नंबर, प्रवास, जागरण अशी कारणे मनात काढून झाली होती. मुलगा भिंतीला टेकून पेंगू लागला. त्याच वेळी बाहेरून हाक आली. तेच म्हातारे गृहस्थ, हातात कॉफीचा थर्मास. चेन उघडून त्यांनी आत डोके घातले, वर पाहिले, आणि एक शब्द न बोलता हात घालून शेगडी बंद केली. मग मुलाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर नेले आणि आम्हा दोघांनाही बाहेर बोलावले.

तंबूला छपराजवळ समोरासमोर दोन झरोके होते. ऊब जाऊ नये म्हणून भावाने दोन्ही बंद केले होते. खाली झालरीवर बर्फ आम्हीच लोटला होता, एक फटही न ठेवता. वाकळ तिचे काम चोख करत होती, वारा येऊ देत नव्हती.

जळायला प्राणवायू लागतो. बंद जागेत तो कमी पडू लागला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना तो झोंबत नाही. रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. धूर दिसला तर माणूस पळेल. इथे दिसत काहीच नाही. भावाच्या शेगडीला प्राणवायू फार कमी झाला तर आपोआप विझण्याची सोय होती, त्यावर तो विसंबला होता. ती सोय प्राणवायू मोजते, हा विषारी वायू मोजत नाही. तो मोजणारा, किंकाळी फोडणारा छोटा गजर वेगळा मिळतो. आमच्याजवळ तो नव्हता. गृहस्थांनी आपला आणून दाखवला, दाराशी दोरीने टांगलेला.

मोकळ्या वाऱ्यात मुलगा अर्ध्या तासात बोलू लागला. बाहेर उणे अठरा होते आणि थंडीची तक्रार आम्हा तिघांपैकी कोणी केली नाही. दवाखान्यात नेऊन तपासून घेतले, ठीक निघाले. तंबू मिटताना भाऊ एक शब्द बोलला नाही. हब आत दाबला की भिंत पडते, चार भिंती पडल्या की गुंडाळायचे. उभारण्यापेक्षा ते लवकर होते.

घरी आल्यावर आईला सांगायचे की नाही यावर गाडीत चर्चा झाली. सांगावेच लागले, कारण घरात नवाच प्रसंग होता. आई आल्यापासून तिचे एकच मागणे होते, बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीची सोय करा. तिथे कोळशाची शेगडी कुठली मिळणार! त्या सकाळी तिने गॅरेजमध्ये मांस भाजायची कोळशाची भट्टी पाहून ठेवली होती, आणि आम्ही तळ्यावर असताना ती आत आणण्याविषयी सूनबाईंशी बोलणे चालले होते. सूनबाई "आई, हे येऊ द्या" म्हणून वेळ काढत होत्या.

आम्ही आईला समोर बसवून सर्व सांगितले. तंबू, झरोके, पोराचे पेंगणे. आई नातवाला जवळ ओढून ऐकत होती. बरेच वेळाने म्हणाली, "डोकं दुखतंय, असंच तीबी म्हणाली होती."

ती म्हणजे आमची आत्या. आम्ही तिला पाहिलेले नाही. पौषाच्या थंडीत बाळंत झाली. कुडाच्या खोलीचे दार लावून, खिडकीला पोते ठोकून, खाटेखाली शेगडी ठेवलेली. आठव्या दिवशी सकाळी मायलेकरू दोन्ही उठली नाहीत. गावाने सांगितले, बाहेरची बाधा झाली. सटवीचे नाव निघाले, विटाळाचे निघाले, आणि शेवटी वस्तीतल्या एका विधवेचे नाव निघाले. ती बाई पुढे गाव सोडून गेली. ते मृत्यू त्या शेगडीनेच झाले, असे आज छातीवर हात ठेवून आम्ही सांगू शकत नाही. बाळंतपणात तेव्हा अनेक कारणांनी बाया जात. पण आई म्हणाली, "खोलीत धूर नव्हता म्हणून निखारे चांगले पेटलेत असं आम्हाला वाटलं." पेटलेल्या कोळशाला धूर नसतो आणि हा वायू मात्र असतो. इतकी वर्षे तिने ते मनात कुठे ठेवले होते कोण जाणे. "त्या बिचारीवर उगीच आळ आला की रे," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला आत्यापेक्षा त्या विधवेचे अधिक लागले होते.

भट्टी गॅरेजमधून हलली नाही. बाळंतिणीला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला, खोली तशीही तिथल्या व्यवस्थेने उबदार असते.

शेगडी आता शहरात फारशी कोणी ठेवत नाही, असे काही वाचक म्हणतील. आमच्या वसाहतीतली न्हाणीघरे त्यांनी पाहावीत. चार बाय पाचची जागा, त्यातच भिंतीला गॅसचा गिझर, एकुलत्या झरोक्याला थंडीत पुठ्ठा लावलेला, आणि दाराला आतून कडी. आंघोळीला गेलेला माणूस न्हाणीघरातच बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि लोक हृदयविकार म्हणून मोकळे होतात. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा, पाणी नळीने आत घ्यावे. ते जमत नसेल तर आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, मग आत जावे. झरोक्यावरचा पुठ्ठा तर आजच्या आज काढावा. कोणी डोके दुखते, चक्कर येते म्हणाले तर प्रथम दार उघडून त्याला मोकळ्या हवेत न्यावे, मग दवाखान्यात. लिंबू-मिरची नंतरही नको.

भावाने पुढच्या शनिवारी पुन्हा तंबू काढला. आम्हाला वाटले होते विकून टाकील. या वेळी त्याने दोन्ही झरोके उघडून त्यांच्या झापा वर बांधून टाकल्या, खाली मिटता येऊ नयेत अशा. आत जरा थंडी वाजली. कोट अंगावर ठेवूनच बसलो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांसाठी सूनबाईंनी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. त्यांचा तंबू त्या दिवशी दिसला नाही. चटणी आम्हीच खाल्ली.

निघायच्या आदल्या रात्री भावाने तंबूच्या खर्चाचा कागद आमच्यापुढे धरला, आम्ही मागितला होता म्हणून. शेवटी एक ओळ नव्याने लिहिलेली होती. गजर, नग दोन. एक तंबूत राहिला. दुसरा आईने स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून आणला आणि तो सध्या आमच्या न्हाणीघराच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला आहे. वसाहतीतल्या कोणालाही तो कसा असतो ते पाहायचे असल्यास संध्याकाळी सहानंतर घरी यावे.